वेबसाइटचं बिऱ्हाड

३ नोव्हेंबर, मंगळवार

आज यांच्या मेलवर नोटीस आली. भाषा गोड आहे, पण नोटीसच. आपली वेबसाइट ज्या कंपनीकडे ठेवली आहे ती कंपनी धंदा गुंडाळते आहे. ३० तारखेच्या रात्रीनंतर तिथलं सगळं पुसलं जाईल. ग्राहकांनी कृपया आपापली सोय करावी.

तीनदा वाचलं, मग लेकीला फोन लावला.

ती म्हणाली, "आई, वेबसाइट म्हणजे आपलं सामान. होस्टिंग म्हणजे ते ठेवायला घेतलेली भाड्याची खोली. दारावरची पाटी, म्हणजे वेबसाइटचं नाव, आपली, खोली मालकाची. मालक म्हणतोय, खोली खाली करा."

"म्हणजे बिऱ्हाड हलवायचं."

"हलवायचं, किंवा नाही हलवायचं." मग म्हणाली, "आठ महिने झाले बाबांना. किती दिवस एकटी त्या पुठ्ठ्यांत बसणार आहेस? इकडे ये ना. मागची खोली रिकामीच आहे."

विचार करते म्हटलं. केला नाही.

जुनी पुस्तकं शिवून, बांधून द्यायचं आमचं काम. घरातच चालतं. दुकान नाही, त्यामुळे रस्त्यावरून कुणी दोन जिने चढून येत नाही. जे येतं ते वेबसाइट बघून येतं. ती गेली की काम आटणार, आणि काम आटलं की लेकीची मागची खोली. तिथे माझं काय काम? नातवाची दप्तरं भरायची आणि जावयाची मतं ऐकायची.

आणखी एक आहे. प्रत्येक पुस्तकाचे दोन फोटो, दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा, आणि खाली चार ओळी असं यांनी तिथे मांडून ठेवलंय. एकशे सहा पुस्तकं. मेल मी रोज बघते, पण ती पानं हे गेल्यापासून उघडलेली नाहीत. त्याआधीही नाही. पडद्यावरचं मला वाचवत नसे, आणि वाटायचं, यांच्याच तोंडून ऐकतेय की रोज.

५ नोव्हेंबर, गुरुवार

एका ग्रंथालयाच्या बाईंचा मेल आलाय. सात खंडांचा जुना शब्दकोश आहे, सगळ्यांचे कणे गेलेत. त्यांची समिती महिनाअखेरीस आपली वेबसाइट बघून काम द्यायचं की नाही ते ठरवणार. शेवटी विचारलंय, 'आपण अजून काम घेता ना?'

उत्तर लिहायला बसले. 'घेतो' लिहिलं. मग 'घेते' केलं. मग दोन्ही खोडून 'वेबसाइट पाहावी' एवढंच पाठवलं.

संध्याकाळी वन्सं वर आल्या. यांची धाकटी बहीण, खालच्याच मजल्यावर राहतात. पस्तीस वर्षं नर्स होत्या, त्यामुळे अजूनही सगळ्या जगाला ताप आहे की नाही ते बघत असतात.

"कशाला तो खटाटोप, वहिनी? मी तर ती वेबसाइट की काय ती कधी उघडतसुद्धा नाही. वेळ कुणाला आहे?"

"तुमच्या भावाची आहे."

"भाऊ होता तोवर होती," म्हणाल्या, आणि टेबलावरची कात्री उगाच सरळ करून निघून गेल्या. कठीण मन आहे बाईचं.

७ नोव्हेंबर, शनिवार

दोन कंपन्या पाहिल्या. पाहिल्या म्हणजे फोन केले. लेक म्हणते, हल्ली कुणी फोन करत नाही, तक्ता बघून घेतात. मी म्हटलं, खोली बघायला जाऊन मालकाशी न बोलताच परत येणारी माणसं असतील तुझी.

पहिले फुकटवाले. पैसे नाहीत, पण आपल्या पानावर त्यांच्या जाहिराती. म्हणजे मी शब्दकोशाचा कणा दाखवायचा आणि शेजारी कुणीतरी गुडघेदुखीचं तेल विकणार. दारावरची पाटीसुद्धा त्यांच्या नावाने सुरू. राम राम.

दुसऱ्यांचं सगळंच अमर्याद. जागा अमर्याद, वेग अमर्याद, फोटो अमर्याद. अमर्याद म्हणणाऱ्या माणसाने कधी पुठ्ठा कापलेला नसतो. पहिल्या वर्षी भाडं चहापाण्याइतकं, पुढच्या वर्षी किती, तर "तेव्हाच्या दराप्रमाणे." तरी आवाज चांगला होता, माणूस हसतमुख वाटला. मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

९ नोव्हेंबर, सोमवार

काल रात्री खळ शिजवताना यांचा पहिला धडा आठवला. पुस्तकाला घट्ट धरणारा डिंक बाजारात पुष्कळ मिळतो. तो आपण वापरायचा नाही. पन्नास वर्षांनी कुणीतरी हे पुस्तक पुन्हा उघडणार, तेव्हा कागद न फाडता त्याला आपलं काम सोडवता आलं पाहिजे. म्हणून पिठाची खळ. पाण्याचा हात लागला की सुटते.

म्हणून आज अमर्यादवाल्यांना पुन्हा फोन केला आणि एकच प्रश्न विचारला.

"तुमच्याकडून निघायचं झालं तर कसं निघायचं?"

"मॅडम, निघाल कशाला?"

"निघाले तर?"

"आमच्याकडून कुणी जातच नाही, मॅडम."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कळलं की पानं त्यांच्या साच्यात बसवली की ती त्यांच्याकडेच चालतात. बाहेर काढली तर नुसता मजकूर येतो, मांडणी मागे राहते. हा तर तो बाजारचा डिंक. ओढला की कागदासकट निघणारा.

मग तिसरी कंपनी, लहानशी. फोनवर बाई होत्या, नाक चोंदलेलं. तोच प्रश्न विचारला. पलीकडून दोन शिंका.

"हा प्रश्न येताना कुणी विचारत नाही हो. जाताना भांडत विचारतात." नाक पुसून म्हणाल्या, "एक बटण आहे. दाबलं की तुमचं सगळं एका गठ्ठ्यात उतरतं. नाव तुमचंच राहतं. जाताना आम्हाला सांगितलंत तर बरं वाटेल, पण सांगायलाच हवं असं नाही."

भाडं अमर्यादवाल्यांपेक्षा जास्त, जागा कमी. पंधरा दिवस राहून बघा म्हणतात, मग ठरवा.

ठरलं. जावयाचा निरोप आला की बाजारात सगळ्यात मोठी कंपनी दुसरीच आहे. असेल. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

खातं उघडलं. फॉर्म भरताना मालकाच्या रकान्यात हाताने आपोआप यांचं नाव टाकलं. वीज, पाणी, बँक, सगळीकडे तेच टाकत आलेय.

तासाभराने सर्दीवाल्या बाईंचा फोन. "खातेदारांशी बोलायचंय, पडताळणी करायची आहे."

"ते नाहीत."

"केव्हा भेटतील?"

"आता ते मी काय सांगू, बाई?"

त्यांच्या लक्षात आलं आणि बिचाऱ्या इतक्या ओशाळल्या की शिंकसुद्धा गिळली. मलाच हसू आलं. खूप दिवसांनी आलं, आणि आल्यावर आवरेना. मग त्यांनी हळूच विचारलं, "काकू, नाव बदलून घेऊ या का?"

बदललं. माझं नाव त्या रकान्यात अगदी पाहुण्यासारखं अवघडून बसलंय.

१५ नोव्हेंबर, रविवार

तीन दिवस दुसरं काही केलं नाही. आज संपलं.

जुनं पुस्तक उसवायच्या आधी पेन्सिलीने प्रत्येक फर्म्यावर बारीक आकडा घालायचा असतो. फर्मा म्हणजे घडी घातलेल्या पानांचा एक जुडगा, अशा जुडग्यांचं पुस्तक होतं. आकडे न घालता उसवलं आणि वारा आला की संपलं. पन्नासावं पान कुठलं आणि एकशे चाळिसावं कुठलं ते देवालाही सांगता यायचं नाही.

तेच केलं. सामान उचलायच्या आधी, जुन्या खोलीतच, प्रत्येक फोटोला क्रमांक दिला. यांनी फोटोंना काहीच्या बाही नावं ठेवली होती. 'वाळवी-आत्याबाई', 'रडका मास्तर', 'हिचा आवडता कागद'. ना शेंडा ना बुडखा. मी एक ते दोनशे बारा ओळीने लावले. मग सगळं उतरवलं आणि नव्या खोलीत चढवलं. लेकीची मदतसुद्धा घेतली नाही.

आज स्वतःवरच खूश आहे.

१६ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सात वाजता वन्सं दारात. केस विंचरलेले नाहीत, पायात दोन वेगळ्या चपला.

"वहिनी, दादाचे फोटो कुठे गेले? सगळ्या पानांवर मोकळ्या चौकटी आहेत!"

उघडून बघितलं. खरंच. मजकूर आहे, फोटो एक नाही. नव्या खोलीत तसंच, जुन्यातही तसंच. सर्दीवाल्या बाईंना फोन केला. त्यांनी शोधून सांगितलं: पानं फोटोंना नावाने हाक मारतात. 'रडका मास्तर' अशी हाक जाते, पण मास्तरांचं नाव मी सत्याऐंशी करून ठेवलंय, मग ओ कोण देणार?

"जुनी प्रत असेल ना तुमच्याकडे?"

"नाही. जुन्या ठिकाणीच आधी बदललं."

"का हो, काकू?"

आता त्यांना फर्मे काय सांगू? जुन्या कंपनीला तीनदा फोन केला. नुसतं संगीत वाजतं.

"तुम्ही परत लावून द्याल का?" मी विचारलं.

"हाताने लावू, पण कुठला फोटो कुठल्या पुस्तकाचा हे आम्हाला कसं कळणार? आम्हाला सगळी पुस्तकं सारखीच दिसतात."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. वन्सं मात्र खाली गेल्या नाहीत. नुसत्या खुर्चीत बसून राहिल्या. इतक्या सकाळी त्यांना कळलं कसं, कोण जाणे.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

काही केलं नाही. लेकीचा फोन आला, "झालं का गं?" होतंय म्हटलं.

लेकीच्या मागच्या खोलीला खिडकी आहे की नाही, ते आठवत बसले. आहे. लहान आहे.

१८ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी वाटलं, निदान एक करून बघू. चष्मा पुसला आणि पहिलं पान उघडलं. चौकट मोकळी, पण फोटोचं जुनं नाव तिच्यात बारीक अक्षरात दिसतं. 'वाळवी-आत्याबाई-आधी.' खाली यांच्या चार ओळी. मग माझे दोनशे बारा फोटो चाळायला लागले. वाळवी लागलेली तर तीस पुस्तकं असतील. पण आत्याबाईंच्या वहीला वाळवीने कोपऱ्यातून तिरकं खाल्लं होतं आणि मी तिथे जुन्या नकाशाचा कागद जोडला होता. सापडली. एकशे तीन. एकशे तीनचं पुन्हा आत्याबाई केलं आणि चौकटीत वही आली.

वन्सं ओरडल्या, "आली, आली!" या पुन्हा केव्हा येऊन बसल्या होत्या!

दिवसभरात नऊ पुस्तकं झाली. शाळा माझी चौथीपर्यंत. खरं वाचायला शिकले ती फर्मे लावता लावता, म्हणून पुष्कळ कादंबऱ्यांचा शेवट मला ठाऊक नाही. गिऱ्हाईक लवकर घेऊन गेलं. पण पुस्तक विसरत नाही. सर्दीवाल्या बाईंना सारखी दिसतात, मला एक दुसऱ्यासारखं दिसत नाही.

आणि यांच्या ओळी वाचाव्याच लागतात. त्याशिवाय पटत नाही कुठलं ते.

'क्र. ४. पोथीच्या आकाराचा हिशेबी ग्रंथ. पाठ मोडलेली. पुठ्ठा मी केला, शिवण हिची.'

२१ नोव्हेंबर, शनिवार

बावन्न झाली.

प्रत्येक ठिकाणी तेच. 'शिवण हिची.' 'जोड हिचा, शोधून दाखवा.' 'क्र. ३१. मी पुठ्ठा उलटा लावला म्हणून दिवसभर बोलणी खाल्ली. पुठ्ठा उलटाच होता.' गिऱ्हाइकांना कशाला सांगायच्या असल्या गोष्टी? घरचं वाजत गाजत वेशीवर.

वन्सं आता रोज नऊला येतात. मी फोटो ओळखते, त्या नाव टाईप करतात. त्यांची बोटं माझ्यापेक्षा चपळ आहेत, इंजेक्शनं देऊन देऊन. कधी कधी मी ओळ वाचायच्या आधी त्या पुढची बोलून जातात. मी म्हटलं, "तुम्हाला कसं ठाऊक?"

"अंदाज," म्हणाल्या.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

शंभरपर्यंत आलो. क्रमांक चौसष्टचं पुस्तक मात्र अडलं. फोटो सापडेना. वन्सं म्हणतात अडुसष्टावा आहे, मी म्हणते शक्य नाही, अडुसष्टाव्याची शिवण तिरपी आहे. यांच्या हातची ती. माझी तिरपी जात नाही. तासभर भांडलो. शेवटी चौसष्टावं माझ्याच डोळ्यांसमोर होतं, एकशे नव्वद म्हणून. वन्सं म्हणाल्या, "दादाची शिवण तिरपी होती हे त्याच्या तोंडावर कधी बोललीस का?"

"रोज."

"आणि तो?"

"हसायचे, आणि सुई माझ्याकडे द्यायचे."

वन्सं माझ्याकडे बघत राहिल्या. मग चौसष्टचं नाव टाईप करायला लागल्या.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

संपलं. शेवटचं, क्रमांक एकशे सहा, मी मुद्दाम एकटीने केलं. तेव्हा यांचा हात थरथरत होता. कवितांचं लहानसं पुस्तक होतं, गिऱ्हाइकाने आईचं म्हणून आणलेलं. खाली लिहिलंय:

'हे सगळं पुस्तक हिने केलं. मी चहा प्यायलो आणि फोटो काढले. गेली चार वर्षं साधारण असंच चाललंय. तिच्या अजून लक्षात आलेलं नाही, कुणी सांगू नये.'

उगाच काहीतरी. खळ कोण शिजवत होतं? पुठ्ठ्याची मापं कोण घेत होतं? निदान सांगत तरी होते ना, की माप घे म्हणून. यांना पहिल्यापासून स्वतःला कमी सांगायची खोड.

तरी चष्मा काढून ठेवावा लागला. बराच वेळ.

दुपारी सर्दीवाल्या बाईंनी दारावरची पाटी जुन्या खोलीवरून काढून नव्या खोलीवर लावली. त्यांची सर्दी गेलीय, आता त्यांना दुसरं नाव शोधायला हवं. मेलवर लिहितात, "काकू, मीही सगळं वाचून काढलं. माझ्याकडे आजीची एक वही आहे. घ्याल का?"

"घेईन," लिहिलं. पाठवून झाल्यावर लक्षात आलं, या खेपेला खोडाखोड झाली नाही.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

पंधरा दिवस आज भरले. पडद्यावर प्रश्न आला: किती काळासाठी? एक महिना, एक वर्ष, तीन वर्षं.

लेकीला विचारलं. ती म्हणाली, "एक महिना घे, आई. बघ कसं होतंय. नाही जमलं तर..."

"तीन वर्षांनी मी एकसष्टची होईन."

"तेच म्हणतेय मी."

"तेवढ्यात सात खंड होतील. आजीची वही होईल. अजून साठसत्तर होतील."

पलीकडे नातू कशावरून तरी रडत होता. लेकीने त्याला गप्प केलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे तू येत नाहीस."

"येईन की. आठ दिवस राहायला. पुस्तकं दाबायचा एवढा मोठा लाकडी शिकंजा तुझ्या मागच्या खोलीत ठेवला तर झोपू कुठे मी?"

ती हसली. हसताना नाक ओढलं. "बाबा म्हणायचे, तुझ्या आईला जागचं हलवायचं तर आधी तिला उसवावं लागेल."

मला कधी म्हणाले नाहीत. लेकीला बरंच काही सांगून गेलेले दिसतात.

तीन वर्षांवर बोट ठेवलं.

२८ नोव्हेंबर, शनिवार

ग्रंथालयाच्या बाईंचा मेल. समितीने वेबसाइट पाहिली. काम द्यायचं ठरलंय. एका सभासदाने विचारलंय, 'हे लिहिणारे गृहस्थ ज्यांच्याविषयी लिहितात त्या बाईच काम करणार ना? तसं असेल तरच द्यावं.'

दोनदा वाचलं. आमच्याकडे काम देताना लोकांना काय काय अटी सुचतात! लिहिलं, 'होय, मीच करते. पाठवा.'

३० नोव्हेंबर, सोमवार

आज रात्री जुनी खोली बंद होणार. होईना. आपलं तिथे आता काही नाही.

पहिला खंड दुपारी आला. ग्रंथालयाचा शिपाई दोन जिने चढून वर आला आणि टेकला. वन्संनी त्याला पाणी दिलं, सवयीने नाडीसुद्धा बघितली. खंड जड आहे, कागद अजून चांगला, कणा पार गेलेला.

खिडकीशी नेऊन उघडला. दोरा बोट लागताच तुटला, सगळीकडून, कुजलेलाच होता. बरं झालं. जुनी शिवण उसवायचे दोन दिवस वाचले, उद्यापासूनच नवी घालता येईल.